मशीन कुणासाठी घ्यायचं? मुलुंडच्या एका घरातली इलिप्टिकलची निवड

काकूंचं वय ५३, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. मुलुंड पूर्वेला ऐंशीच्या दशकातली चार मजली सोसायटी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नोकरी फोर्टमधल्या बँकेत. म्हणजे रोज लोकल, दोन्ही स्टेशनांवरचे जिने आणि मधे दिवसभर खुर्ची. उजव्या गुडघ्याची झीज सुरुवातीच्या टप्प्यातली होती. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषयही काढला नव्हता. वजन कमी करा आणि फिजिओथेरपी घ्या, एवढंच सांगितलं होतं. जिना चढताना गुडघा दुखायचा, उतरताना जास्त दुखायचा.

मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. घरच्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. लिहावंसं वाटलं, कारण घरात व्यायामाचं मशीन घेताना जे प्रश्न बहुतेक घरांत विचारलेच जात नाहीत, ते या घरात एकेक करून समोर आले, आणि शेवटी जागेचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला.

आधीची परिस्थिती अशी. मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम काकू नेमाने करत होत्या. दम वाढवणाऱ्या व्यायामासाठी सकाळचं चालणं ठरलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आम्ही त्यातल्या खालच्या आकड्याकडे हळूहळू सरकत होतो. जूनमध्ये पाऊस लागला आणि चालणं थांबलं. पेव्हर ब्लॉकवर शेवाळं धरलं होतं. एकदा पाय सरकला, काकू पडल्या नाहीत, पण धास्तावल्या. ज्याचा गुडघा आधीच कमकुवत आहे त्याची ही भीती अगदी रास्त आहे. "छत्री घेऊन जा हो" म्हणून ती जात नाही.

त्याच आठवड्यात काकांचा मेसेज आला. सोबत एक लिंक आणि खाली प्रश्न: "डॉक्टर, हे मागवू का? सेल उद्या रात्रीपर्यंतच आहे."

लिंकवरचं मशीन तेरा हजारांचं इलिप्टिकल, म्हणजे उभं राहून पेडलवर पाय पुढे-मागे फिरवायचं यंत्र, दुकानदार ज्याला ऑर्बिट्रॅक म्हणतात त्या जातीचं. सायकलची सीटही होती, हलणारे दांडेही. फ्लायव्हील, म्हणजे पेडलबरोबर फिरणारं जड चाक, पाच किलोचं, वजनक्षमता ११० किलो, डिस्प्लेवर वेळ, वेग, अंतर, कॅलरी, नाडी, सगळं. स्ट्राइड किती, म्हणजे पाऊल पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत किती सरकतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी थांबायला सांगितलं.

इलिप्टिकलच का?

हा प्रश्न आधी सोडवला. ट्रेडमिल नको होती, कारण पट्टा आपल्या गतीने सरकतो आणि काकूंच्या मनात घसरण्याची भीती ताजी होती. व्यायामाची सायकल स्वस्त, आटोपशीर आणि गुडघ्याच्या पुष्कळ पेशंटना मानवते. घरात सायकल असती तर मी तिच्यावरच भागवलं असतं. पण सायकलवर गुडघा चांगला ११० अंशांच्या आसपास वाकतो आणि काकूंचं दुखणं नेमकं खोल वाकवताना उमटत होतं. शिवाय दिवसभर बसून आल्यावर पुन्हा बसायचं त्यांच्या जिवावर येत होतं. इलिप्टिकलवर माणूस उभा असतो, वजन पायांवर असतं, पण पाऊल पेडलवरून उचललंच जात नाही, त्यामुळे धावताना टाच आपटते तसा दणका गुडघ्याला बसत नाही.

या मशीनचा जन्मही पायाच्या हालचालीतूनच झाला. लॅरी मिलर या अमेरिकन इंजिनिअरने आपल्या मुलीचं धावणं गाडीतून चित्रित केलं, पाय हवेत कोणता आकार काढतो ते पाहिलं, आणि त्या लंबवर्तुळावरून यंत्र बेतलं. प्रीकॉर कंपनीने ते १९९५ साली बाजारात आणलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की मशीनचा जीव त्या लंबवर्तुळात आहे. ते तुमच्या पायाला बसत नसेल, तर बाकी सोयी कितीही असल्या तरी ते मशीन तुमचं नाही.

तीन माणसं, एक मशीन

मी घरी गेले तेव्हा विषय बराच पुढे गेला होता. काकांना वाटत होतं की आणायचंच तर तिघांनी वापरावं. काका पाच फूट नऊ इंच. मुलगा चोवीस वर्षांचा, पाच फूट अकरा, त्याला जोरदार कार्डिओ हवा होता आणि मोबाइल ॲपला जोडलं जाणारं मशीन हवं होतं. काकूंना काय हवं होतं? त्या म्हणाल्या, "मला जिना उतरताना कठडा धरावा लागू नये."

मी माझं मत स्पष्ट सांगितलं: मशीन घरासाठी घेऊ नका, काकूंसाठी घ्या. काका लगेच म्हणाले, "एवढे पैसे घालायचे आणि वापरायचं एकाच माणसाने?" आक्षेप वाजवी होता. पण घरगुती इलिप्टिकलची स्ट्राइड बहुतेक वेळा पक्की असते, कमी-जास्त करता येत नाही. पाच फूट एक आणि पाच फूट अकरा या दोन उंच्यांना एकच लांबी सारखी मानवणार नाही. मधली निवडली तर मुलाला अपुरी आणि काकूंना ताणाची. मुलाकडे धावायला मैदान होतं, काकांचे गुडघे ठणठणीत होते. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही, माप त्याचं घ्यावं.

हे पटायला पायांनीच मदत केली. शेजारच्या विंगमध्ये एकांकडे लिंकवरच्यासारखंच मशीन होतं, आम्ही तिघं तिथे गेलो. काकू चढल्या आणि दोन मिनिटांत उतरल्या. पाय पुढे-मागे जाण्याऐवजी वर-खाली जात होते, जवळजवळ जिना चढल्यासारखे. दांडा पुढे ढकलला की सगळा सांगाडा त्या बाजूला कलत होता.

स्ट्राइड मोजायला मी पर्समधला दोरा काढला आणि त्याला किल्ली बांधली. पेडल सगळ्यात पुढे असताना त्याच्या टोकापासून दोरा सोडला, किल्ली जमिनीला टेकली तिथे खडूची खूण. मग तेच पेडल सगळ्यात मागे नेऊन दुसरी खूण. मधलं अंतर टेपने साडेअकरा इंच भरलं. काकांनी स्वतः टेप धरली होती, त्यामुळे पुढचं फारसं समजावावं लागलं नाही. कुठल्याही दुकानात हे करता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघावं.

मग उलट टोक पाहिलं. मुलाच्या जिममध्ये मोठं व्यावसायिक मशीन होतं, स्ट्राइड एकवीस इंच. चालायला लोण्यासारखं. मुलगा खूश झाला. काकूंची मात्र कंबर दोन्हीकडे हलायला लागली, मागचा पाय ताणला जात होता आणि टाच पेडलवरून सुटत होती. ते जिममधलं सगळ्यात महागडं यंत्र होतं आणि काकूंच्या कामाचं नव्हतं. त्यांच्या उंचीला सोळाच्या आसपास इंच ठीक पडेल असा अंदाज मी बांधला होता, तो या दोन टोकांनी पक्का झाला. साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसाने मात्र अठरा-वीस इंचांखाली जाऊ नये.

माळा, पंखा आणि गणपती

मुंबईच्या घरात मशीनची लांबी-रुंदी सगळे मोजतात. उंची कुणी मोजत नाही, आणि इलिप्टिकलवर तर तीच आधी मोजायला हवी, कारण माणूस जमिनीवर नसतो. पेडल सगळ्यात वर असताना जमिनीपासून जितकं उंच, तितकी माणसाची उंची वाढते. त्यात डोक्यावर किमान अर्धा फूट मोकळा धरावा.

हॉल मोठा होता, पण मधोमध पंखा. नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटरचा, म्हणजे पाती मध्यापासून दोन फुटांपर्यंत पोचते. पाती जमिनीपासून आठ फुटांवर होती. काका सतरा इंच वरच्या पेडलवर उभे राहिले की डोकं सव्वासात फुटांच्या जवळ, आणि घाम पुसायला हात वर गेला की बोटं थेट पात्याच्या रेषेत. पंख्याखाली किंवा त्याच्या घेरात इलिप्टिकल ठेवू नये, हे मी प्रत्येक घरी बजावते. राहिला खिडकीजवळचा कोपरा. मुलाने तो दाखवला आणि काकू ताबडतोब म्हणाल्या, "तिथे गणपती बसतात."

विषय संपला. पन्नास-साठ किलोचं मशीन दर भाद्रपदात हलवायचं, हे कुणी करत नाही. आणि एकदा बाजूला सारलेलं मशीन परत जागेवर येईलच असं नसतं.

बेडरूममध्ये कपाटाशेजारी साधारण पावणेसहा फूट बाय तीन फूट जागा होती, पण तिच्यावर माळा. माळ्याची खालची बाजू सहा फूट दहा इंचांवर. काका किंवा मुलगा तिथे मशीनवर उभा राहूच शकला नसता. काकूंचं गणित वेगळं होतं. पाच फूट एक इंच, वर पेडल सतरा इंच असेल तर सहा फूट सहा. माळ्याला चार इंच उरतात, ते कमी. पेडल चौदा इंचांवर थांबत असेल तर सहा फूट तीन. सात इंच उरतात, ते पुरतात. म्हणजे फक्त काकूंसाठी आणि पेडल खाली राहणारं मशीन घेतलं, तर हॉल, पंखा, गणपती, कशालाच हात लावायला नको. तिघांचं मशीन या घरात ठेवायला जागाच नव्हती. इथपर्यंत आल्यावर काकांनी आपला आक्षेप स्वतःच मागे घेतला.

कागदावर मी दोनच अटी लिहून दिल्या: स्ट्राइड पंधरा ते सतरा इंच, पेडलचं सर्वांत वरचं टोक चौदा इंचांच्या आत. सेल केव्हाच संपून गेला होता, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा सुरूही झाला होता.

धोबी तलावची फेरी

मेट्रो सिनेमाच्या आसपास, धोबी तलावला खेळाच्या सामानाची जुनी दुकानं आहेत. काकूंचं ऑफिस तिथून जवळ, म्हणून शनिवारी दुपारी तिकडेच भेटायचं ठरलं. व्यायामाला घालायचे ते बूट घेऊन या, असं मी आधीच सांगितलं होतं. बँकेच्या चपलांवर इलिप्टिकल कळत नाही.

पहिल्या दुकानात विक्रेत्याने स्क्रीनपासून सुरुवात केली. ब्लूटूथ, चोवीस प्रोग्रॅम, कॅलरी. कॅलरीचा आकडा हा मशीनचा अंदाज असतो, आणि तो बहुधा फुगलेलाच निघतो. दांड्यावरच्या पट्ट्यांनी मोजलेली नाडीही भरवशाची नसते. काकूंना तर तिचा उपयोग आणखी कमी, कारण त्यांची बीपीची गोळी नाडीचा वेग दाबून ठेवणाऱ्या गटातली आहे. त्यांच्यासाठी माप सोपं ठेवलं होतं: पाय चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये.

दुसऱ्या दुकानात सोळा इंचांची दोन मशीनं होती. एकात फ्लायव्हील पुढे, एकात मागे. मागचं फ्लायव्हील असलेल्यात पायाची वाट चपटी, पेडल तेरा इंचांवर थांबणारं. लांबी पाच फूट. दोन्हींचं ब्रेकिंग चुंबकाचं: नॉब फिरवला की चुंबक चाकाजवळ सरकतं आणि फिरत्या धातूत तयार होणारे विद्युतप्रवाह चाकाला मागे ओढतात. काही कशाला घासत नाही, म्हणून आवाज नाही आणि ब्रेकचा पट्टा बदलण्याची कटकट नाही. डिस्प्ले पेन्सिल सेलवर चालतो, प्लगही लागत नाही.

काकू मागच्या फ्लायव्हीलच्या मशीनवर चढल्या आणि मी त्यांना पंधरा मिनिटं उतरू दिलं नाही. विक्रेता अस्वस्थ झाला. बहुतेक गिऱ्हाइकं अर्धा मिनिट पाय मारून पैसे देतात. पण दुखरा गुडघा पहिल्या अर्ध्या मिनिटात काही बोलत नाही. पहिली पाच मिनिटं सर्वांत हलक्या लेव्हलवर. काही मशीनची पहिली लेव्हलच जड असते आणि झिजलेल्या गुडघ्याला सुरुवात तिथून करता येत नाही. हे तसं नव्हतं. मग अगदी सावकाश पाय फिरवायला लावले. फ्लायव्हील हलकं असेल तर सावकाश चालवताना वरच्या टोकाला पाय अडकतो आणि झटका बसतो. इथे नऊ किलोचं होतं, पाय सरळ वाहत गेला. मग दांडे सोडून, मग उलट्या दिशेने. उलटं चालवताना मांडीच्या पुढच्या स्नायूवर जास्त भार येतो. काकूंना एका मिनिटात तो जाणवला, म्हणून ते नंतरच्या महिन्यांसाठी राखून ठेवलं.

दोन पेडलांमधली फट मी हाताने मोजली, चार बोटं. शेजारच्या पुढच्या चाकाच्या मशीनमध्ये ती वीतभर होती. पाय इतके फाकवून चाललं की गुडघे आत पडतात आणि कुल्ला दुखायला लागतो. जाहिरातीत हा आकडा जवळजवळ कधीच नसतो. मला विचाराल तर स्ट्राइडनंतर पाहायची गोष्ट हीच.

मशीनचं स्वतःचं वजन ५४ किलो होतं. वजनदार सांगाडा डोलत नाही, त्यामुळे मशीनचं वजन विचारावं. वजनक्षमतेच्या आकड्यापेक्षा ते जास्त सांगून जातं. मॅन्युअलवर आयएसओ २०९५७ हे मानक आणि ‘एच’ हा वर्ग होता, म्हणजे घरगुती वापरासाठी. किंमत घासाघीस करून चाळीस हजारांच्या जरा खाली आली. तेरा हजारांच्या मानाने ती खूपच होती आणि काकांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. मी भाड्याचाही पर्याय सुचवला होता. मुंबईत व्यायामाची मशीनं महिन्याच्या भाड्याने मिळतात आणि ज्यांना स्वतःच्या सवयीची खात्री नाही त्यांनी तेच करावं. काकूंना खात्री होती.

डिलिव्हरी तळमजल्यापर्यंतच, हे बिलावर बारीक अक्षरात होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन हमाल, त्यांचे पैसे वेगळे. हे दुकानातच विचारून ठेवलेलं बरं, नाहीतर खोकं जिन्याखाली पडून राहतं आणि सोसायटीची नोटीस येते.

मशीन आल्यावर

जोडणी झाल्यावर खाली रबराची जाड मॅट टाकली. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, त्यांची झोप सावध. काकू वर चालवत असताना काका खाली जाऊन त्यांच्या बेडरूममध्ये बसून आले. आवाज नव्हता, पण उजवा पाय खाली आला की हलकीशी थरथर जाणवत होती. मशीनच्या मागच्या पायाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून लेव्हल नीट केली, थरथर गेली. तरी वेळ सकाळी साडेसहानंतरची ठरवली आणि आजोबांना तसं सांगितलं.

सुरुवात आठ मिनिटांनी, पहिल्या लेव्हलवर, एक दिवस आड. नियम एकच: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उरलं, तर पुढच्या वेळी मिनिटं कमी करायची. दोनदा तसं झालं, दोनदा कमी केली. एक तक्रार नवी आली: दहा-बारा मिनिटांनी पायाची बोटं बधिर व्हायची. पाऊल पेडलवरून उचललं जात नाही त्यामुळे इलिप्टिकलवर हे अनेकांना होतं. बुटाची नाडी सैल केली, मधेमधे बुटातच बोटं हलवायला आणि पाऊल पेडलवर किंचित मागे ठेवायला सांगितलं. बधिरपणा जवळजवळ गेला.

ऑगस्टमध्ये दांड्याच्या सांध्यातून कुईकुई सुरू झाली. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बोल्ट सैल होतातच, ते आवळून सांध्याला ग्रीस लावलं. मुंबईची दमट हवा आणि घाम या दोन्हींनी लोखंड लवकर गंजतं. म्हणून रोज कोरड्या फडक्याने दांडे आणि पेडलचे रूळ पुसायचे, आणि कितीही जागा वाचत असली तरी असं मशीन बाल्कनीत ठेवायचं नाही.

पाऊस सरला तेव्हा काकू पंचवीस मिनिटांवर पोचल्या होत्या, आठवड्यातून चारदा, तिसऱ्या लेव्हलवर. वजन अडीच किलोने उतरलं होतं. ताकदीचे व्यायाम एकदाही बंद केले नव्हते, आणि गुडघ्यातल्या सुधारणेचं अर्धं श्रेय मी त्या व्यायामांनाच देते. इलिप्टिकल मांडीला पुरेशी ताकद देत नाही. चढताना दुखणं जवळजवळ थांबलं आहे. उतरताना कठड्याला हात लागतो, पण पूर्वीसारखा भार टाकावा लागत नाही. ऑक्टोबरपासून दोन दिवस मैदानावर चालणं आणि दोन दिवस मशीन असं वेळापत्रक केलं आहे, आणि आठवड्यातून एकदा शेवटची तीन मिनिटं उलट दिशेने. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी आहे. तेव्हा जिना उतरण्याचा व्यायाम एका पायरीवरून दोन पायऱ्यांवर न्यायचा की नाही ते ठरवू.